देवाच्या तोंडी विडी

माझ्या नवऱ्याचा आवाज अख्ख्या विठ्ठलवाडीने ऐकलेला आहे. बस डेपोच्या खिडकीत बसून, माईक तोंडाशी धरून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आणि कुठली सुटली हे पुकारायचं काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. घरी मात्र बोलणं बेताचं. सगळा आवाज डेपोत खर्च करून यायचे आणि बदलापूरला कात्रपच्या आमच्या फ्लॅटमध्ये पेपर उघडून बसायचे. घरातलं बोलण्याचं खातं माझ्याकडे होतं. मी शाळेत चित्रकला शिकवायचे. हातात ओला ब्रश असलेल्या साठ पोरांना जागेवर बसवणाऱ्या बाईला तोंड चालवायची सवय लागतेच, आणि ती निवृत्तीनंतरही जात नाही.

ते निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करताना ब्रश हातातून पडला, मी स्वयंपाकघरातून ओरडले, "काय पाडलंत?" आणि उत्तर आलं नाही. उजवा पाय, उजवा हात आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. पाय काठीच्या आधाराने परत आला. हात आला तो एखादी वस्तू दाबून धरण्यापुरता. बोलण्यातला मात्र एकच शब्द आला, "सुटली."

चहा हवा असला तरी सुटली, नको असला तरी सुटली. पंखा लाव, टीव्ही बंद कर, बहिणीचा फोन वाजतोय, सगळ्याला सुटली. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. जन्मभर जो हजारो वेळा म्हटला तो तेवढा जिभेवर राहिलाय. ऐकणाऱ्याला हसू यायचं. मलाही आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण आपल्याला म्हणायचं होतं एक आणि बाहेर पडलं भलतंच, हे त्यांना स्वतःला कळायचं, आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा बघवायचा नाही. हळूहळू त्यांनी खाली उतरणं सोडलं. सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्या दोस्तांनी हाका मारल्या की ते खिडकीतून मागे सरकायचे. मग घरातही तोंड मिटलं. सुटलीसुद्धा ऐकू येईना.

मला देवाकडे एवढंच मागायचं होतं, की त्यांनी माझ्याशी बोलावं. पूर्वीसारखं नको, चार शब्द चालतील. पण जिवंत माणूस समोर बसलाय आणि घरात फक्त माझाच आवाज, ह्याने मी आतून वाळत चालले होते.

अंबरनाथला बोलण्याचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, तिच्याकडे आम्ही आठवड्यातून दोनदा जायचो. मुलगी गुणी होती. तिने मला पहिल्याच दिवशी बजावलं, "काकू, त्यांना काही विचारलंत की मनात दहा आकडे मोजा. मध्ये बोलायचं नाही." मी तीनापर्यंत पोचायचे. तीन म्हणेपर्यंत मला त्यांचं म्हणणं कळलेलं असायचं, मग मीच म्हणून टाकायचे, "चादर ना? ही घ्या चादर." त्यांचे कष्ट वाचवतेय असं मला वाटायचं.

त्या मुलीने घरी सराव करायला चित्रांची कार्डं दिली होती. कप, गाय, छत्री, बॉल. कपाला डोळे आणि हसरं तोंड काढलेलं. ज्या माणसाने डेपोचं सगळं वेळापत्रक तोंडपाठ ठेवलं, त्याला गाय दाखवायची आणि विचारायचं, सांगा बरं, हे काय? एका दुपारी त्यांनी ती गड्डी डाव्या हाताने उचलली आणि गॅलरीतून खाली भिरकावली. वॉचमनने एकेक कार्ड वेचून वर आणून दिलं तेव्हा मी त्याच्यावरच खेकसले. खरं तर मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी फेकली असती.

त्यानंतर आम्ही अंबरनाथला गेलो नाही. मी माळ्यावर जुने कागद शोधत होते, बसल्या बसल्या काहीतरी काढावं म्हणून, आणि माझी कलाशाळेतली वही हाताला लागली. आमच्या एका सरांनी आम्हाला मेक्सिकोतल्या जुन्या ॲझटेक लोकांच्या चित्रपोथ्यांच्या स्लाइड दाखवल्या होत्या आणि मी वेड लागल्यागत त्या उतरवून घेतल्या होत्या. हरणाच्या कातड्याचा नाहीतर झाडाच्या सालीच्या कागदाचा लांबच लांब पट्टा, त्यावर पांढरा लेप, आणि तो पट्टा उलटसुलट घड्या घालून ठेवलेला. त्यात आपल्यासारखी अक्षरांची ओळ म्हणून नाहीच. देव, माणसं, साप, ससे, कणसं, पावलांचे ठसे, टिंबं. पुजारी ती पोथी उलगडायचा आणि चित्रांवर बोट ठेवून बोलायचा.

माझी वही पिवळी पडली होती, पण आता हे सगळं फोनवर सापडतं. मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून दोन पानं मोठ्या कागदावर रंगीत काढून आणली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. शिकवायचा हेतू नव्हता, शपथेवर सांगते. मला स्वतःला बघायची होती.

मिस्टर काठी टेकत आले आणि बसले. अर्धा तास उठले नाहीत. गाय आणि छत्रीने त्यांचा अपमान केला होता. ह्या पानांनी तसं काही केलं नाही, कारण इथे मलाही काही वाचता येत नव्हतं. देवांची नावं फोनवर होती, त्लालोक काय नि काय, आणि ती माझ्याही जिभेला वळत नव्हती. एकमेकांच्या शेजारी आम्ही दोघं सारखेच अडाणी बसलो होतो. डोळ्यांभोवती मोठाली कडी असलेल्या, बाहेर दात आलेल्या पावसाच्या देवावर त्यांनी बोट ठेवलं. मग डाव्या हाताने स्वतःच्या डोळ्याभोवती गोल काढला आणि शर्टाचं वरचं बटण लावायची नक्कल केली. जाड भिंगांचा चष्मा घालणारा आणि उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावणारा त्यांचा जुना डेपो मॅनेजर. मी हसले, ते हसले. त्यांचं हसू झटक्यात गेलेलं नव्हतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग रोज दुपारी तीच पानं. त्या चित्रांत काही जणांच्या तोंडासमोर हवेत एक छोटी वेलांटी काढलेली असते. एकदा त्यांनी त्या वेलांटीवर बोट टेकवलं आणि कितीतरी दिवसांनी आवाज काढला. "सुटली?" शब्द तोच, पण शेवटी प्रश्न होता.

मला माहीत नव्हतं. मी फोनवर शोधलं आणि मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ज्याच्या तोंडासमोर वेलांटी तो बोलतोय. वेलांटीला फुलं काढली असली तर तो गातोय. जो गप्प, त्याच्यापुढे काही नाही. वाचून झाल्यावर मला कळलं मी कुणाला काय वाचून दाखवलं ते. त्यांनी बोट कागदावरून उचललं, स्वतःच्या ओठांवर ठेवलं, मग पान उलटं करून ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी दारात उभी राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच पान सरळ केलं.

खरवईहून त्यांची बहीण आली तेव्हा टेबलावर हाच पसारा होता. वन्सं सत्तरीच्या, अजून स्वतः भाजी लावतात, देवाच्या बाबतीत एकदम कडक. त्यांनी एकेक चित्र न्याहाळलं आणि विचारलं, "यो देव कंचा गो बाय? निवद काय लागतं याला?" मी खरं ते सांगितलं, की ह्या देवांना रक्त लागायचं. मला वाटलं, कानावर हात ठेवतील. तर म्हणाल्या, "मंग आमचे गावदेवीला काय वरन-भात चालतं?" आणि पुढच्या पानाकडे वळल्या. झुडपाच्या मधोमध बसलेली एक देवी बघून त्यांना फार आनंद झाला. ते झुडूप घायपात होतं, त्यांच्या शेताच्या बांधावर अस्संच होतं, आणि त्याचे काटे लागून भावाने लहानपणी किती वेळा भोकाड पसरलं ते त्या सांगत बसल्या. भाऊ मान डोलवत होते.

मी पुन्हा चित्रं काढायला लागले ती त्या आठवड्यात. नक्कल नको होती. फक्त पोथीची रीत घेतली, म्हणजे चेहरे एका बाजूने, काळी ठसठशीत रेघ, आत सपाट रंग, सावली म्हणून नाही. त्या रीतीने पाच चित्रं केली: कडीडोळ्यांचा पावसाचा देव, कणसांचा देव, पिसांचा साप, कुत्र्याच्या तोंडाचा देव आणि घायपातातली देवी. मिस्टर शेजारी बसून रंग ठरवायचे. मी बाटल्या मांडायचे, ते एका बाटलीवर टिचकी मारायचे. पाचही चित्रांत मी तोंडांसमोर वेलांट्या काढल्या होत्या. त्यांचा रंग विचारला तेव्हा त्यांनी बराच वेळ घेतला आणि गडद निळ्यावर टिचकी मारली.

अंबरनाथला एका शाळेच्या हॉलमध्ये आम्हा निवृत्त कलाशिक्षकांचं छोटं प्रदर्शन भरतं. ह्या वेळी मी नाव दिलं. प्रत्येक चित्राच्या वीस प्रती छापायच्या, सपाट रंगाची खरी स्क्रीन प्रिंटिंगची छपाई, ही हौस कलाशाळेपासून मनात होती. मिस्टरांना म्हटलं, तुम्ही पण चला, रंग तुमचे आहेत. त्यांनी नकाराची मान हलवली. चार माणसांत जायचं नाव काढलं की ती मान तशीच हलायची.

छपाईसाठी मी उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पमधल्या एका सिंधी शेठकडे गेले. पासष्टीचा माणूस, जन्म लग्नपत्रिका छापण्यात गेलेला. हल्ली पत्रिका फोनवरच पाठवतात म्हणून काम कमी झालंय असं म्हणायचा, पण हात अजून पक्का. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी, एक रंग वाळला की त्यावर दुसरा, आणि एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्याचा एक नेम होता, तो त्याने मला पहिल्याच भेटीत अभिमानाने सांगितला. पत्रिकेवरच्या देवात काही खोट असली तर तो गिऱ्हाइकाला न विचारता दुरुस्त करायचा. गणपतीचा दात विचित्र तुटलेला, लक्ष्मीच्या हातातलं कमळ कोमेजल्यासारखं, सगळं नीट करूनच छापणार. त्याच्या पत्रिकेवरचं एकही लग्न अपशकुनाने सुरू झालेलं नाही, असं तो म्हणायचा. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. तिथेच सावध व्हायला हवं होतं.

माझे देव त्याला आवडले. पिसांचा साप त्याने आपल्या मुनिमाला बोलावून दाखवला. मी त्याला मेक्सिको, पोथ्या, पुजारी, सगळं सांगितलं, तासभर बोलत होते. फक्त वेलांट्यांबद्दल सांगितलं नाही. ती आमच्या घरातली गोष्ट होती, दुकानात उभं राहून सांगण्यासारखी नव्हती.

काळा आणि लाल छापून झाला तेव्हा मी जाऊन बघून आले. निळा सगळ्यात शेवटी होता आणि त्या दिवशी मिस्टरांना ताप होता, मी गेले नाही. रविवारी प्रदर्शन. गुरुवारी गठ्ठा आणायला गेले. शेठने वरचा कागद दूर केला आणि मी बघतच राहिले, इतके रंग चोख बसले होते. मग माझी नजर तोंडांकडे गेली. वेलांटी नव्हती. खालचा कागद काढला, त्याच्यावर नव्हती. पाचही चित्रं, शंभर कागद, एकाही देवाच्या तोंडासमोर काही नव्हतं.

शेठ खुशीत होता. "टीचर, वो बीड़ी का धुआँ मैंने निकाल दिया. भगवान के मुँह में बीड़ी अच्छी नहीं लगती. लोग घर में लगाएँगे ना."

जाळीत सुईएवढी भोकं राहिली तर ती बुजवायला छपाईवाले एक औषध ठेवतात. ते बारीक ब्रशने लावून त्याने निळ्या जाळीतली एकेक वेलांटी बुजवली होती, कडेला कुठे धक्का न लावता. किती वेळ लागला असेल त्याला. त्या क्षणी मला ते काही दिसलं नाही. मी दुकानात उभी राहून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "ते बोलत होते, शेठ. तुम्ही सगळ्यांना मुकं करून ठेवलंत." त्याला अर्थातच काही कळलं नाही. तो पडलेल्या चेहऱ्याने म्हणाला, जाळ्या धुऊन झाल्या, नवीन करून फक्त निळा पुन्हा मारून देतो, पण हातातल्या पत्रिका थांबवता येत नाहीत, मंगळवार उजाडेल. रविवारच्या प्रदर्शनाला मंगळवार काय कामाचा. मी गठ्ठा उचलला आणि बाहेर पडले.

रिक्षात मांडीवर गठ्ठा घेऊन बदलापूरपर्यंत रडत आले. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि गाणं बंद केलं. चित्रं बिघडली ह्याचं रडू नव्हतं ते. त्या निळ्या वेलांट्या माझ्या नवऱ्याने एवढा वेळ घेऊन निवडल्या होत्या, आणि आता घरी जाऊन त्यांना बोलणं पुसलेले देव दाखवायचे होते.

घरी आल्यावर गठ्ठा टेबलावर आदळला, काय झालं ते एका दमात सांगितलं, विडीचं सांगताना मला पुन्हा संताप आला, आणि त्यांच्याकडे न बघता स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. कांदा चिरत मी तिथूनही बोलतच होते. शेठ, त्याचे शकुन, त्याचा नेम, सगळ्यांचा उद्धार चालला होता. बाहेर बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला तेव्हा वाकून पाहिलं.

मिस्टरांनी कणसांच्या देवाचा कागद पुढ्यात ओढला होता. उजवा जड हात कागदावर ठेवून तो दाबून धरला होता, आणि डाव्या हातात माझा ब्रश, निळ्यात बुडवलेला. देवाच्या तोंडासमोर एक वेडीवाकडी, नको तितकी मोठी वेलांटी उमटली होती. तिचं टोक चौकटीवरून बाहेर गेलं होतं. इतक्या चोख छापलेल्या कागदावर तो फराटा बघून माझ्यातली चित्रकलेची बाई धावत सुटली. "अहो, अहो, काय करताय, द्या तो इकडे," म्हणत मी ब्रशला हात घातला.

त्यांनी हात मागे खेचला. "थांब," ते म्हणाले.

मी थांबले. कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी मोजल्या नाहीत. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्यांनी ब्रश पुन्हा बुडवला, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली आणि दुसऱ्या देवाची वेलांटी सुरू केली. आपण काय बोललो हे त्यांना कळलंच नव्हतं. झटक्यानंतर एकोणीस महिन्यांनी त्यांनी मला दिलेला, सुटली सोडून पहिला शब्द, आणि तो काय, तर गप्प उभी राहा. मी पदर तोंडात कोंबला आणि उभी राहिले. भात करपला. तो आम्ही दोघांनी तसाच खाल्ला आणि मला तो गोड लागला.

शुक्रवार, शनिवार ते टेबलावरून हलले नाहीत. मी कागद पुढे सरकवायचे, ओले कागद गॅलरीतल्या दोरीवर चिमट्याने लावायचे. ब्रश सुकला की "दे" म्हणायचे. एकदा मी चुकून काळी बाटली पुढे केली तर "निळा" म्हणाले, तेही जरा चिडून. मधेमधे सुटली यायचंच. एक शब्द आला म्हणून लगेच माणूस बोलायला लागत नाही, आणि मी तसं काही सांगायला बसलेली नाही. अंबरनाथच्या त्या मुलीला फोन केला, तर तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मध्ये बोलला नाहीत ना?" मी म्हटलं, नाही, त्यांनीच सांगितलं होतं.

ऐंशी कागद झाले. कुठल्याही दोन निळ्या वेलांट्या एकसारख्या नव्हत्या. पावसाच्या देवाची सगळ्यात मोठी, कुत्र्याच्या तोंडाच्या देवाची आखूड, तुटक. घायपातातल्या देवीचे वीस कागद मात्र त्यांनी बाजूला ठेवले ते ठेवलेच. मला वाटलं, हात दुखला असेल. उरलेलं काम हॉलवर जाऊन मी उरकीन म्हणून ब्रश आणि बाटली पिशवीत टाकली.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर मिस्टर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, एक बटण चुकून दुसऱ्या काजात, हातात काठी. मी बटण नीट लावून दिलं आणि रिक्षा बोलावली.

हॉलमध्ये भिंतीवर दोरी बांधून आम्ही कागद लावत होतो. उघडायला अजून वेळ होता, बाकीचे शिक्षकही आपापलं मांडत होते. तेवढ्यात शेठ आला, सोबत त्याची बायको. मी त्याला बोलावलं नव्हतं, पण पत्ता मी आधीच बडबडून ठेवला असणार. तो अवघडून आत आला आणि कागदांजवळ जाऊन थबकला. हाताने काढलेल्या वेलांट्या त्याने एकेक करून पाहिल्या. मग मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, तो धूर म्हणजे काय, आणि तो कुणी काढला. शेठने कान धरले. मग खुर्चीत बसलेल्या मिस्टरांपुढे जाऊन उभा राहिला, त्यांचा जड उजवा हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि सिंधीत काहीतरी पुटपुटला. मिस्टरांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं ओठांना लावून विडी ओढायची नक्कल केली. शेठची बायको आधी हसली, मग सगळेच. मला त्याचा राग राहिला नाही. न विचारता दुसऱ्याचं सुधारून द्यायची खोड एकट्या त्याचीच नव्हती.

जाताना शेठनेच दाखवलं. "टीचर, इसका रह गया." घायपातातली देवी, पावसाच्या देवाशेजारी टांगलेली, तोंडासमोर कोरी. मी म्हटलं, हो, राहिलंय, आणि पिशवीतून निळी बाटली आणि ब्रश काढला.

"नको," मागून आवाज आला.

मी वळले. मिस्टर काठी टेकून उठत होते. मी म्हटलं, अहो, उघडायची वेळ झाली, एक मिनिटाचं काम आहे. ते माझ्याजवळ आले आणि ब्रशच्या आणि कागदाच्या मध्ये उभे राहिले. "नको."

"का नको? पोथीत असो नसो, मी काढलेल्या चित्रात होती. सगळे बोलतायत आणि एकट्या देवीने काय म्हणून गप्प बसायचं?" माझा आवाज चढला होता. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, काही आलं नाही. त्यांनी काठीने पावसाच्या देवाची ती भलीमोठी निळी वेलांटी दाखवली. मग देवीकडे वळून तिच्या कानावर, तिथे मी हिरवं कुंडल काढलं होतं, बोट ठेवलं आणि तसंच धरून ठेवलं. "ऐक," ते म्हणाले. मान हलवली, हे ते नव्हतं. पुन्हा सुरुवात केली. ते चार माणसांत उभे राहून, कुणाचीही पर्वा न करता, आपला शब्द शोधत होते. "ऐकते," ते म्हणाले. "ती... ऐकते."

मी म्हटलं, चित्र माझं आहे. त्यांनी निळ्या बाटलीवर टिचकी मारली, म्हणजे रंग माझा आहे. मी म्हटलं, बाईमाणूस म्हणून तिला गप्प ठेवताय, बाकी काही नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, डोळ्यांत मिश्कील चमक आणून, की शेठच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला. "नको," ते तिसऱ्यांदा म्हणाले, आणि हात पुढे करून माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

आमचं एकोणीस महिन्यांतलं ते पहिलं भांडण. भर हॉलमध्ये, लोकांसमोर झालं, आणि मी ते हरले.